दोन हातांचं खत

कर्वेनगर, पुणे
२ मार्च २०२५

चि. चैताली हिस,
हिरामावशीचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून हा कागद. मागच्या बाजूला प्रज्ञेशच्या ऑफिसचं काहीतरी छापलेलं आहे, ते वाचत बसू नकोस. मी वाचलं, काही हाती लागलं नाही. कोरा भाग वाया जाऊ नये एवढाच हेतू.

काम असं आहे. आमच्या गेटजवळचं ख्रिसमसचं झाड तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याला पिसांचं झाड म्हणायचीस. आता ते चौथ्या मजल्याच्या गच्चीला टेकलंय. पण आतल्या बाजूची पानं पिवळी पडून झडतात आणि लोकांच्या गाड्यांवर पडतात. झालं, गाडीवाल्यांना निमित्त मिळालं. झाड वाळलं आहे, धोकादायक आहे, कापायला महापालिकेची परवानगी मागावी, असा ठराव अकरा मेच्या विशेष सभेत येणार आहे. झाड गेलं की तिथे दोन पार्किंग निघतात. एक तळमजल्यावरच्या चेतनला आणि दुसरं, सांगायला लाज वाटते, आमच्याच चिरंजीवांना, प्रज्ञेशला.

आणि ठरावाचा मसुदा कोणी लिहिला? सेक्रेटरींनी. सेक्रेटरी कोण? तुझे काका. मी जेवताना विषय काढला तर म्हणाले, "हिरा, घरात घरचं बोलावं. सोसायटीचं सभेत." म्हटलं बरं. मग सेक्रेटरीसाहेबांनी आमटी पण सभेतच मागावी.

तुला खरं सांगते. सोसायटीत पिंपळ लावायला मी दोनदा अर्ज दिला होता. मुळं भिंतीत शिरतात म्हणून दोन्ही वेळा नामंजूर. विहार लांब, पौर्णिमेलाच जाणं होतं. मग रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ह्याच झाडाकडे बघून मी वंदना म्हणते. बोधिवृक्षाच्या जागी ख्रिसमसचं झाड, हे भगवंतांना चालत असावं. आजवर तक्रार आलेली नाही.

तू झाडांची डॉक्टर होणार आहेस. हे झाड खरंच मरतंय का, ते सांग. स्वेटर घालत जा.

तुझी,
हिरामावशी

*

हिमाचल
१४ मार्च

ती. मावशीस,
सविनय जय भीम.

तुझं पत्र रेशनच्या गाडीबरोबर वर आलं. बटाट्याच्या पोत्यावर होतं, त्यामुळे थोडं मातकट झालंय, पण वाचता आलं.

मी इथे देवदारांमध्ये मचाण बांधून बसते आणि एकेका फांदीच्या पानांना पारदर्शक डबी लावून ती उन्हात हवा किती ओढतात ते मोजते. मग तीच पानं वाळवून त्यात नत्र किती आहे ते बघते. नत्र म्हणजे आपल्या डाळीतल्या प्रथिनातलं असतं तेच. त्यातून पान स्वतःची यंत्रं बांधतं आणि ती यंत्रं उन्हावर अन्न तयार करतात. साधारणपणे नत्र जास्त तर अन्न जास्त. पण ऊन असेल तर. सावलीत बसलेल्या पानाला कितीही खायला घाल, चूल पेटलेली नसेल तर पातेली वाढवून काय उपयोग?

आता गंमत बघ. अशा सुईसारख्या पानांच्या झाडात शेंड्याचं पान जाड असतं आणि खालचं पातळ. वजनाला वजन ठेवलं तर दोघांत नत्र जवळपास सारखंच निघतं. पण पसरून बघितलं तर शेंड्याच्या पानात कितीतरी जास्त. भाकरी आणि चपातीसारखं. पीठ तेच, थापणं वेगळं.

आतली पिवळी पानं म्हातारी आणि सावलीतली असतात. ती टाकायच्या आधी झाड त्यांच्यातलं नत्र काढून घेतं आणि वर उन्हातल्या नव्या पानांना देतं. तू जुनी साडी पायपुसण्याला घेण्याआधी काठ उसवून ठेवतेस ना, तसं. ते मरण नाही मावशी, काटकसर आहे. तुझ्या पसंतीला उतरेल असं झाड आहे ते.

तरी खात्री करायला मला तीन ठिकाणची पानं पाठव. शेंड्याची, मधली आणि खालची, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत. कसुरी मेथीसारखी सावलीत वाळवून. आणि झाडाला खत घालू नकोस. घातलं आहेस का? खरं सांग.

तुझी,
चैताली

*

कर्वेनगर
२४ मार्च

चि. चैताली,
काकांचा जय भीम.

तुझं मावशीला आलेलं पत्र मी वाचलं. सोसायटीची टपालपेटी सेक्रेटरी या नात्याने मीच उघडतो, आणि तुझ्या पाकिटाचा डिंक अत्यंत निकृष्ट होता. पत्र पुन्हा चिकटवून तिच्या हाती दिलं आहे. हे पत्र मात्र तिच्या हाती जाणार नाही असं वागायचं.

मुद्द्यावर येतो. झाड कापावं असं माझं मुळीच मत नाही. गाडीवाल्यांनी लेखी मागणी केली, म्हणून सेक्रेटरीला मसुदा करावा लागला. मी तो मुद्दाम इतका बोजड केला होता की कोणाला कळू नये. पण त्याच दिवशी तुझी मावशी आमटी सभेत मागा म्हणाली. आता मी माघार घेतली तर इमारतभर होईल की सीतारामच्या घरात ठराव स्वयंपाकघरात पास होतात. तसे ते होतात, पण लोकांना कळायला नको.

खरी अडचण पुढे आहे. झाड पिवळं दिसायला लागलं तेव्हा, जानेवारीपासून, मी पहाटे फिरायला जाताना त्याच्या आळ्यात युरिया टाकत आलो आहे. खिशातून नेतो. सुरुवातीला पालवी कशी गर्द हिरवी झाली होती! मी मनात म्हटलं, सीताराम, तू वाचवलंस झाड. आता तीच पालवी टोकाकडून करपायला लागली आहे. मी मारलं का गं त्याला? हिराला कळलं तर मला युरिया खावा लागेल.

तुला हवी ती तिन्ही ठिकाणची पानं सोबत आहेत. शेंड्याची मी गच्चीवरून छत्रीच्या मुठीने ओढून काढली. छत्री वाकली. तिला सांगितलंय, वाऱ्याने.

तुझा,
सीतारामकाका

*

कर्वेनगर
२८ मार्च

चि. चैताली हिस,
अनेक आशीर्वाद.

पानं पाठवते आहे. पाकिटांवर 'वर', 'मधे', 'खाली' असं लिहिलंय. चांगली टवटवीत निवडून घेतली आहेत. मुलगी दाखवायची तर कोणी तापातून उठलेली दाखवतं का?

भाकरी-चपातीचं मला कळलं. साडीच्या काठाचं तर फारच पटलं. मी ते घरात पण लावून बघितलं. जो उन्हात राबतो त्याला डाळ घट्ट, जो सावलीत बसून मसुदे लिहितो त्याला वरचं पाणी. तुझ्या काकांनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज डाळीत डाळ पडायची राहिली का?" मी म्हटलं, शास्त्र आहे ते.

खताचं विचारलंस. मी दुकानातून कसलंही खत आणलेलं नाही. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मला पाठ आहे.

काकांची छत्री मोडली. त्या दिवशी वारा नव्हता. पण मी विचारलं नाही. माणसाला एखादी गोष्ट लपवू द्यावी, संसाराला बरं असतं.

तुझी,
हिरामावशी

*

हिमाचल
१७ एप्रिल

ती. मावशीस,
जय भीम.

पानं खालच्या प्रयोगशाळेत पाठवली होती, निकाल आले. आता तू खुर्चीवर बस.

'वर' लिहिलेल्या पाकिटात चपात्या निघाल्या. 'मधे'मध्ये चपात्या. 'खाली'मध्ये पण चपात्या. तिन्ही पाकिटांतली पानं पातळ, तिन्हींत नत्र बेताचं, आणि तिन्ही एकमेकांच्या सख्ख्या बहिणी. चौथ्या मजल्यावर दिवसभर उन्हात उभं राहिलेलं पान असं असूच शकत नाही. ही पानं सावलीत वाढलेली आहेत. आणि तुमच्या गेटवर सावली कुठे आहे? उलट तुमच्यासमोरच्या वैजनाथरावांच्या बंगल्यात, तुमच्याच इमारतीच्या सावलीत, असलंच एक बुटकं झाड आहे, हे मला अचानक आठवलं. कसं कोण जाणे.

पान खोटं बोलत नाही मावशी. ते कुठे बसलं होतं ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

दुसरं. तू दुकानातून खत आणलं नाहीस, मान्य. मी 'दुकानातून' असं विचारलंच नव्हतं.

तुझी,
चैताली

*

हिमाचल
१७ एप्रिल

ती. काकांस,
जय भीम.

तुमची पानं एक नंबर. शेंड्याची भाकरी, खालची चपाती, जशी हवी तशी. छत्रीचं बलिदान वाया गेलेलं नाही.

पण सगळ्याच पानांत वजनाच्या मानाने नत्र फार आहे. झाडाने जेवढं कामाला लावता येतं तेवढं लावलं आणि उरलेलं नुसतं साठवून ठेवलंय. म्हणजे खाणं वाढलं, काम तेवढंच. म्हणून ते आधी गर्द हिरवं दिसलं. हिरवं दिसणं आणि कामाला लागणं यात फरक असतो. टोकं करपली ती मुळांना खत सोसलं नाही म्हणून. युरिया आजपासून बंद. रोज साधं पाणी भरपूर द्या. झाड मेलेलं नाही, त्याला अजीर्ण झालंय.

एक प्रश्न. तुमच्या खिशात मावेल एवढ्या युरियाने एवढं अजीर्ण होऊ नये. त्या आळ्यात आणखी कोणाचा हात पडतो का?

तुमची,
चैताली

*

कर्वेनगर
२५ एप्रिल

चि. चैताली,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा कमी.

शिकलेल्या मुली घरात असाव्यात, पण इतक्या नसाव्यात.

हो, पानं वैजनाथरावांकडची. आपल्या झाडाचा शेंडा माझ्या हाताला येतो का? आणि खालची सगळी टोकं करपलेली, ती बघून तू 'मरतंय' असं लिहिलं असतंस तर ते कागद माझ्याच घरातल्या सेक्रेटरीच्या फायलीत लागले असते. वैजनाथरावांच्या फाटकावर पाटी आहे: 'पानाफुलांना हात लावू नये. कॅमेरा आहे. बिघडला आहे. आम्ही बिघडलेलो नाही.' पण ती पाटी आतल्या पानांसाठी. मी रस्त्यावर आलेल्या फांदीची घेतली. तरी दुसरं शील म्हणताना, न दिलेलं घेणार नाही असं म्हणताना, दोन दिवस माझी जीभ अडखळली. मग मी त्यांच्या घरी वाटीभर लाडू दिले. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, सहज.

आणि खत म्हणशील तर घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणते, ती दोन दिवस भिजवते आणि दुपारी सगळी इमारत झोपली की आळ्यात ओतते. संक्रांतीपासून. वास येतो म्हणून वर माती. पेंडीला कोणी खत म्हणतं का? म्हैस खाते ती! मला वाटलं, बिचारं पिवळं पडलंय, अशक्त असेल.

आता खरं सांग, मी घात केला का? रोज ज्याच्यासमोर हात जोडले त्यालाच माझ्या हाताने? दोन दिवस वंदना म्हणताना मी खिडकीकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघून म्हटली.

सभेला तुझं मोठ्या अक्षरातलं पत्र पाठव. आणि ही पेंड काकांना कळू देऊ नकोस. ते म्हणतील, घरात घरचं घालावं.

तुझी,
हिरामावशी

*

हिमाचल
२ मे २०२५

प्रति,
मा. सेक्रेटरी,
(सभेत सर्व सभासदांसमोर पूर्ण वाचून दाखवावे, ही विनंती.)

विषय : गेटजवळील झाडाच्या पानांची तपासणी.

महोदय,
आपल्या झाडाच्या शेंड्याच्या, मधल्या व खालच्या पानांची तपासणी झाली. आतली पिवळी पाने झडणे हा रोग नव्हे. सावलीतल्या जुन्या पानांतले नत्र काढून उन्हातल्या पानांकडे पाठवणे हा अशा झाडांचा नित्याचा व्यवहार आहे. शेंड्याची पाने भक्कम आहेत. झाड वाळलेले नाही. ते पडण्याजोगे आहे का, हे पानांवरून सांगता येत नाही, ते महापालिकेच्या जाणकाराने खोड बघून सांगावे.

टोके करपण्याचे कारण अतिखत. तपासणीतून व इतर खात्रीलायक माहितीवरून असे दिसते की या झाडाला दोन वेगवेगळे हात, एकमेकांच्या नकळत, दिवसाच्या दोन वेगवेगळ्या वेळी खाऊ घालत आहेत. एक हात युरियाचा, दुसरा पेंडीचा. दोन्ही हात प्रेमाचे आहेत. नावे देण्यास मी असमर्थ आहे, कारण दोघांनाही शब्द दिला आहे.

उपाय : दोन्ही हातांनी एकमेकांना विचारून जेवायला घालावे. तूर्त उपास व पाणी.

आपली विश्वासू,
चैताली

*

कर्वेनगर
१२ मे, बुद्ध पौर्णिमा

चि. चैताली हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद. आज हातचे राखून ठेवलेले पण देते.

विहारातून आत्ताच आले. खीर झाकून ठेवली आहे आणि आधी तुला लिहायला बसले आहे.

काल सभा झाली. खाली पार्किंगमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत. तुझं पाकीट काकांनी सभेतच फोडलं. या खेपेला डिंक चांगला होता म्हणाले, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. खड्या आवाजात वाचायला लागले. 'झाड वाळलेले नाही' इथे त्यांचा आवाज असा चढला की जणू त्यांनीच तपासलंय. मी म्हटलं, हा माणूस कोणाच्या बाजूचा आहे?

मग 'दोन वेगवेगळे हात' आलं आणि सेक्रेटरी थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "पुढे तांत्रिक बाबी आहेत. पुढचा विषय, पाण्याची टाकी."

चेतन म्हणाला, "काका, पूर्ण वाचायचं असं वर लिहिलंय ना?"

मी म्हटलं, "वाचा की सेक्रेटरीसाहेब. सोसायटीचं आहे, सभेतच वाचावं."

त्यांनी वाचलं. 'युरियाचा' म्हणताना ते माझ्याकडे बघेनात. 'पेंडीचा' ऐकल्यावर मी त्यांच्याकडे बघेना. सगळी सभा एकमेकांच्या हाताकडे बघायला लागली. दुसऱ्या मजल्यावरची ऋचा म्हणाली, "दुपारचा वास! मला वाटलं ड्रेनेज आहे. मी दोन तक्रारी दिल्यात!"

चैताली, मी पुष्कळ विचार केला. कोणी मला थेट विचारलेलं नव्हतं, म्हणजे गप्प राहिलं तर खोटं बोलल्यासारखं होत नाही. पण दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आणि वर ते झाड उभं. मी हात वर केला. म्हटलं, पेंड माझी.

सगळे हसले. आणि हसणं थांबायच्या आत तुझ्या काकांनी कागद खाली ठेवला, आणि सेक्रेटरीच्या खुर्चीतून उजवा हात वर केला. म्हणाले, "युरिया माझा. इतिवृत्तात घ्या."

इतकी वर्षं संसार केला, पण त्या माणसाने सभेत माझ्या बरोबरीने हात वर केला, हे पहिल्यांदा.

चेतन म्हणाला, "म्हणजे कापायचा ठराव लिहिणारे तुम्ही आणि खाऊ घालणारे पण तुम्ही? मग आम्ही कशाला बसलोय इथे?" काका म्हणाले, "कोरम भरायला." त्यावर चेतनसुद्धा हसला. प्रज्ञेशने उठून सांगितलं की त्याला दुसरी गाडी घ्यायचीच नाही, पार्किंगच्या यादीत त्याचं नाव बाबांनी फार मागेच परस्पर घातलं होतं. ठराव मागे घेतला. महापालिकेचा माणूस खोड बघून जाईल, तो म्हणेल तसं. चेतनसाठी आमचं पार्किंग थोडं सरकवून जागा करायची ठरली आहे. त्याच्या घरी लाडू देईन म्हणते.

आज सकाळी वंदना खिडकीकडे बघून म्हटली. टोकं करपलेलीच आहेत, पण आतून एक नवी फिकी पालवी दिसली. झाडाने माफ केलं की त्याला अजून कळलेलं नाही, ते तू सांग.

तुझी,
हिरामावशी

*

कर्वेनगर
२५ मे

चि. चैताली,
काकांचा जय भीम.

महापालिकेचे गृहस्थ येऊन गेले. खोड ठोकून बघितलं, उत्तम आहे म्हणाले. जाताना विचारलं, याला काय घालता? आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "पाणी."

पाणी मी पहाटे घालतो, ती दुपारी. एकमेकांना विचारून. काल तिने मला आळ्याजवळ पकडलं आणि खिसे उलटे करून दाखवायला लावले. मी पण तिची बादली हुंगून बघतो.

तुझ्या शास्त्राने घरात मात्र माझं नुकसान केलं आहे. सभेनंतर तरी डाळ घट्ट होईल अशी आशा होती. ती म्हणते, नियम म्हणजे नियम, उन्हात बसणाऱ्यालाच नत्र. म्हणून मी आठ दिवस ताट घेऊन बाल्कनीत, भर उन्हात खुर्ची टाकून जेवतो आहे. मे महिना आहे, चैताली. टक्कल भाजतं. पण डाळ सुधारली आहे.

तुझा,
सीतारामकाका

ता. क. हे पत्र मी पेटीत टाकायच्या आधी वाचलं. डिंक निकृष्ट होता. काका लिहितात ते खरं आहे, बाल्कनीत बसून दोन वाट्या डाळ खातात आणि मग तिथेच झोपतात. तूच सांगितलंस ना, नत्र वाढलं म्हणून काम वाढतंच असं नाही? ऊन मिळालं, डाळ मिळाली. आता आणखी काय द्यावं, ते तपासून कळव. पानं पाठवू का?
— हिरामावशी